एवढ्यानं काय होतंय!

आमच्या सीमाभागात पाहुण्याला उपाशी पाठवणं हे पाप, आणि लहान मुलाच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देणं हे महापाप. बेळगावात, शहापूरसारख्या जुन्या वस्तीत माझा सगळा संसार झाला आणि ही रीत मी स्वतः मन लावून पाळली. शेजारचं पोर दारात आलं की डब्यातला लाडू त्याच्या हातावर पडलाच पाहिजे. त्याची आई 'नको हो, आत्ताच जेवलाय' म्हणाली तर त्याला नकार मानायचा नसतो, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. आज मी या रीतीविरुद्ध लिहायला बसले आहे, तेही दिवाळी अंकात, म्हणजे वाचकांच्या पुढ्यात फराळाचं ताट असताना. रसभंग होईल. होऊ दे.

माझ्या नातवाला शेंगदाणा चालत नाही. 'चालत नाही' हे शब्द मी जपून वापरते, कारण आपल्याकडे 'चालत नाही' म्हणजे आवडत नाही, पचत नाही, उपासाला चालत नाही, असे दहा अर्थ होतात. इथे अर्थ एकच आहे: शेंगदाण्यानं त्याचा जीव जाऊ शकतो. चौदा महिन्यांचा असताना त्यानं भाकरीला लागलेली शेंगाची चटणी चाटली आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, डोळे सुजून मिटले, तीनदा उलटी झाली. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, घरातून हद्दपार करा. सुनेनं त्या दिवसापासून घरातला कुटाचा डबा उचलला तो उचललाच.

आता बेळगावच्या स्वयंपाकघरातून शेंगा काढायच्या म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना कळायचं नाही. मराठी आणि कानडी, दोन्ही घरांत सारखा बोलला जाणारा शब्द हा, शेंगा. पंचमीला शेंगाचे लाडू, संक्रांतीला शेंगाची पोळी, एकादशीला खिचडी, रोज भाकरीबरोबर चटणी, कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट. मला वाटलं, ही पोरगी माझं घरच काढून घेते आहे. मी तोंडावर काही बोलले नाही, पण हळदीकुंकवाला बायकांत बसले की बोलायची. 'आमच्या वेळी नव्हतं बाई हे काही. आम्ही चार पोरं वाढवली, कुणाला शेंगा बाधल्या नाहीत.' बायका माना डोलवायच्या. एक म्हणायची, 'शिकलेल्या सुना, पुस्तकं वाचून पोरं वाढवतात.' दुसरी म्हणायची, 'थोडं थोडं द्यावं, सवय होते. एवढ्यानं काय होतंय!'

आणि मग मीही वाचलं. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई मी, छापलेल्या अक्षरावर माझा विश्वास. वर्तमानपत्राच्या पुरवणीत आलं होतं की इस्रायलमधली मुलं तान्हेपणापासून शेंगदाण्याचा खाऊ खातात म्हणून त्यांना ही अ‍ॅलर्जी फारशी होत नाही. इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या ज्यू मुलांत तिचं प्रमाण दहापट सापडलं. पुढे लंडनच्या डॉक्टरांनी ६४० बाळांवर प्रयोग केला. निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत नियमानं शेंगदाणा दिला, निम्म्यांना अजिबात दिला नाही. २०१५ साली निकाल जाहीर झाला: न खाणाऱ्यांत शंभरात सतरांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत तिघांना. मी तो कागद कापून ठेवला. बघा, मी म्हणत नव्हते!

२०२२ सालची आषाढी एकादशी १० जुलैला होती, रविवारी. मुलगा बाहेरगावी, सून वर गच्चीवर कपडे काढायला गेलेली. मी माझ्यापुरती खिचडी केली होती, शेजारणीनं दिलेल्या कुटाची. नातू जवळ येऊन बसला. चार वर्षांचा. मी चिमूटभर कूट साखरेत मिसळून त्याच्या जिभेवर ठेवलं. प्रेमानं ठेवलं, असं मी लिहू शकते, पण ते पूर्ण खरं नाही. मला जिंकायचं होतं. सुनेला दाखवायचं होतं.

पाचेक मिनिटांत तो गळ्यापाशी खाजवायला लागला. मग खोकला. सून खाली आली, त्याच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'आई, काय दिलंत त्याला?' मी म्हटलं, 'काही नाही.'

त्या दोन शब्दांत किती मिनिटं गेली ते मला सांगता येत नाही. ती पावसाळी सर्दी असेल म्हणून वाफ द्यायला पाणी तापवू लागली. पोराचे ओठ सुजले तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, 'खरं सांगा', आणि तेव्हा मी सांगितलं. रविवार, दवाखाने बंद. गल्लीतला एक उघडा होता, तिथं अ‍ॅलर्जीचं म्हणून एक इंजेक्शन दंडात मिळालं आणि 'बसा थोडा वेळ' असं सांगण्यात आलं. पोराच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. सून बसली नाही. तिनं रिक्षा थांबवली, कपिलेश्वरच्या पुलावरून आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो आणि तिथल्या तरुण डॉक्टरणीनं एक शब्दही न विचारता त्याच्या मांडीत अ‍ॅड्रेनलिन दिलं. काही मिनिटांत त्याचा श्वास मोकळा झाला. मग रात्रभर ठेवून घेतलं, कारण लक्षणं ओसरून काही तासांनी पुन्हा उसळू शकतात.

माझं कात्रण खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं, आणि त्यानं जास्तच वाईट वाटलं. लंडनचा तो प्रयोग चार ते अकरा महिन्यांच्या बाळांवर सुरू झाला होता, आणि ज्यांच्या त्वचेवरच्या चाचणीत आधीच मोठी गांध उठली ती बाळं सुरुवातीलाच वगळली होती. म्हणजे माझ्या नातवासारख्यांना त्यात जागाच नव्हती. अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून वेळेवर अन्न देणं ही एक गोष्ट. झालेल्या अ‍ॅलर्जीवर घरच्या घरी चिमटीचा उतारा करणं ही दुसरी. पहिलीत आज्या बरोबर होत्या आणि डॉक्टर चुकले होते: अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २००० साली, धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊच नका असं सांगितलं होतं आणि २००८ साली तो सल्ला मागं घेतला. पण दुसरीत आजीला काही अधिकार नाही. थोडं थोडं देऊन सवय लावण्याची उपचारपद्धतीही आहे. ती मिलिग्रॅमात मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली, औषध हाताशी ठेवून करायची असते. चिमूट हे मोजमाप नव्हे.

'हे सगळं परदेशी खूळ' म्हणणाऱ्यांचं तोंड मी ओळखते, कारण ते कालपर्यंत माझंच होतं. त्यांच्या बाजूचा पुरावा मीच देते. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली होती, ती २०२० साली प्रसिद्ध झाली; त्यात अन्नाची खरी अ‍ॅलर्जी असण्याचा संभव असलेली मुलं शंभरात ०.१४ निघाली. हजारात एक किंवा दोन. हाँगकाँगमध्ये याच पाहणीत शंभरात दीड. तेव्हा आपल्याकडे कमी आहे हे कबूल. पण हजारात एक म्हणजे बेळगावसारख्या गावात किती घरं, हे ज्यानं त्यानं मोजावं. आणि कमी आहे म्हणूनच ते मूल एकटं पडतं. जिथं प्रत्येक वर्गात असं एक पोर असतं तिथं शाळा नियम करते. आपल्याकडे त्याची आई फाजील लाड करणारी ठरते.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही मी सोडणार नाही. हल्ली रक्त दिलं की शंभर-दीडशे पदार्थांची यादी छापून मिळते, त्यात गहू, तूर, वांगं, दूध, सगळ्यांपुढे खुणा. आईबाप तो कागद घेऊन पोराचं अर्धं ताट काढून घेतात, पोर वाळत जातं. रक्तात प्रतिद्रव्य सापडणं म्हणजे अ‍ॅलर्जी असणं नव्हे. खाल्ल्यावर काय होतं याचा इतिहास आधी, कागद नंतर. त्याच पाहणीत आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या रक्तात खुणा होत्या आणि ती मुलं तेच पदार्थ खाऊन सुखात होती. दूध पिऊन पोट फुगलं तरी 'अ‍ॅलर्जी' म्हणणारे लोक माझ्या सुनेचं काम अवघड करतात. लांडगा आला रे आला, असं रोज ओरडलं की खऱ्या लांडग्याच्या दिवशी कोणी उठत नाही.

पण माझा खरा राग आपल्या आग्रहावर आहे. लग्नाला सून पोराचा डबा घेऊन जाते. यजमानीण म्हणते, 'आमच्या अन्नाला काय विष लावलंय का?' देवळात पुजारी प्रसाद हातावर ठेवतो तो तिथंच तोंडात टाकायचा, कारण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की चॉकलेट, त्यात काय आहे कोणाला ठाऊक. बाहेरून करदंट येतो, चिवडा येतो. चिवड्यातले दाणे वेचून काढले की झालं, असं लोकांना वाटतं. दाणे ज्या तेलात तळले त्याच तेलात चकली तळली जाते, ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट झालं त्यातच वेलदोड्याची पूड होते. आणि वरून आता लाकडी घाण्याच्या तेलाचं कौतुक. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात ते उरतं. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला घाण्याचं 'शुद्ध' तेलच घातक. ही विचित्र गोष्ट आमच्या मंडळात सांगितली तेव्हा बायका हसल्या.

बाकीचं सोडा, पाकिटावर वाचावं म्हटलं तर वाचणार कोण? २०२० सालच्या केंद्राच्या नियमांनी शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोयाबीन, गव्हासारखी धान्यं यांचा उल्लेख पाकिटावर सक्तीचा केला. चांगलं केलं. (त्या यादीत तीळ नाही. अमेरिकेत २०२३ पासून तिळाचाही उल्लेख सक्तीचा झाला. तिळगूळ वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) पण हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचं समाधान होतं. आमच्या गावात १९५६ पासून फलकावरच्या अक्षरांसाठी लोकांनी डोकी फोडून घेतली, मीही मोर्च्यांना गेले आहे. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यावर बंद झाले. मात्र पोराच्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्यावर मोहरीएवढ्या इंग्रजी अक्षरांत काय लिहिलंय ते मराठी आजीलाही कळत नाही आणि कानडी अज्जीलाही, यासाठी कोणत्याही भाषेच्या पुढाऱ्यानं एक निवेदन दिल्याचं मला आठवत नाही. या एका मागणीवर दोन्ही बाजूंच्या सह्या एका कागदावर घेता येतील. मी माझी आजच द्यायला तयार आहे.

औषधाचीही तीच कथा. परदेशात आईबापांच्या पिशवीत अ‍ॅड्रेनलिनचं तयार पेन असतं. आम्ही गावातली औषधाची दुकानं पालथी घातली, पेन मिळालं नाही. पण तेच औषध काचेच्या एक मिलिलिटरच्या कुपीत असतं आणि त्याची किंमत अगदी किरकोळ. इस्पितळातल्या डॉक्टरणीनं सुनेला सुईत भरायला शिकवलं: नातवाच्या तेव्हाच्या पंधरा किलो वजनाला ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत, कपड्यावरूनही चालतं, मग आडवं झोपवायचं आणि थेट इस्पितळ. धाप असेल तर बसतं ठेवायचं, पण उठवून चालवायचं नाही. खाजेची गोळी ही खाजेचीच गोळी, ती श्वास उघडत नाही. इतकं साधं ज्ञान गल्लीतल्या दवाखान्यात नसावं, आणि असलं तर कुपी फोडायचं धाडस नसावं, याला काय म्हणायचं? डॉक्टरमंडळी या अंकाचे वाचक आहेत, वर्गणीदार आहेत. त्यांनी माझ्यावर रागवावं आणि उद्या सकाळी आपल्या कपाटातल्या कुपीवरची तारीख बघावी.

सुनेनं मला कधी एका शब्दानं बोललं नाही. मुलगा बोलला, दोन दिवस बोलला, ते मला सोसलं. मी कुटाचा विषय पुन्हा काढला नाही. या वर्षीचा चिवडा मी डाळवं आणि खोबऱ्याचे काप घालून केला. डाळवं त्याला बाधत नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतलेली आहे. कढई नवी, तेल नवं. पोर आता शाळेत जातं, कोणी काही दिलं तर 'आईला विचारून खातो' म्हणतं, आणि लोकांना त्याचं हसू येतं.

मी त्याला ताट वाढते. सून येते, वाकून ताटात बघते, चिवडा बोटानं चाळते, मग त्याच्यापुढे सरकवते. रोज. मी बाजूला उभी असते.