विश्लेषण : आधी नोकरी, मग स्वप्न! अविनाश साबळेची दहा वर्षं भरतीच्या पोरांना काय सांगतात?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की पिंपळी, लिमटेक, काटेवाडी, भवानीनगर ही गावं एकामागोमाग लागतात. आषाढात याच रस्त्याने तुकोबांची पालखी पंढरपूरला जाते. एरवी पहाटेच्या अंधारात या रस्त्याच्या कडेने भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. हातात मोबाईल, मोबाईलवर स्टॉपवॉच, आणि डोक्यात एकच आकडा : १६०० मीटर. पोलीस भरतीत हे अंतर ५ मिनिटं १० सेकंदांत कापलं की २० पैकी २० गुण. मग १०० मीटर, गोळाफेक, त्यानंतर लेखी परीक्षा आणि मग यादीत नाव येतंय का याची वाट.

या पळण्याला घरात कुणी खेळ म्हणत नाही. ती नोकरीची तयारी असते. नाहीच जमलं तर बारामती एमआयडीसीत शिफ्ट आहे, घरचा ऊस आहे, नाहीतर पुण्याची गाडी आहे. 'स्वप्न' हा शब्द इथे फ्लेक्सवर असतो, घरातल्या बोलण्यात क्वचितच.

अशाच भरतीतून आलेला एक पोरगा आज ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळतो. भरतीच्या भाषेत सांगायचं तर त्या वेगाने १६०० मीटर साधारण ४ मिनिटं २१ सेकंदांत होतात. तेही सपाट ट्रॅकवर नव्हे. पूर्ण शर्यतीत तीन फूट उंचीचे २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. नाव अविनाश साबळे. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. भिगवण, राशीन, कर्जत ओलांडून पुढे गेलं की तो मुलूख सुरू होतो. दुष्काळ दोन्हीकडे माहितीचा, फरक इतकाच की तिकडे निरा डावा कालवा नाही.

ऑलिम्पिकचं स्वप्न लहानपणापासूनचं होतं?

नव्हतं. आणि त्याच्या यशावरच्या बहुतेक रील्स इथेच गोंधळ घालतात.

आई-वडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर, गाडी नाही, म्हणून अविनाश पळत जायचा. या पळण्याला आता 'बालपणीचा सराव' म्हटलं जातं. तेव्हा ते फक्त वेळेवर शाळेत पोचणं होतं. बारावीनंतर तो लष्करात भरती झाला तोही पदकासाठी नाही. घराला पगार हवा होता. ५ महार बटालियनमध्ये तो शिपाई म्हणून लागला. २०१३-१४ मध्ये सियाचीन, त्यानंतर राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. उणे तापमानापासून पन्नाशीला टेकणाऱ्या उन्हापर्यंत सगळं झालं, पण ट्रॅक कुठेच नव्हता.

२०१५ मध्ये त्याने लष्कराच्या अंतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धेत भाग घेतला. त्याच्या धावण्याच्या कारकिर्दीची सुरुवात इथे धरावी लागते. तेव्हा तो विशीत आला होता. आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या हिशेबात हे उशिराचं वय. पुढे दुखापत झाली, सराव सुटला, वजन वाढलं. अशा जवानाला बटालियनच्या रोजच्या कामाला परत पाठवलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्याने तीन महिन्यांत सुमारे २० किलो वजन उतरवलं, आणि लष्करातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी २०१७ मध्ये त्याला स्टीपलचेस करायला सांगितलं. म्हणजे ज्या खेळाने त्याचं नाव झालं तो खेळही त्याने निवडलेला नव्हता. दुसऱ्या कुणाला तरी तो त्याच्यात दिसला.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ३७ वर्षं जे कुणाला जमलं नव्हतं ते स्टीपलचेस सुरू करून जेमतेम वर्ष झालेल्या जवानाने केलं. तिथून स्वतःचाच विक्रम मोडत तो जुलै २०२४ मध्ये ८:०९.९१ पर्यंत आला. सहा वर्षांत जवळपास २० सेकंद.

पगार सुरू असला की हरता येतं

पदकांची यादी बहुतेकांना पाठ आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. सुवर्ण विजेत्या केनियाच्या अब्राहम किबिवॉटपेक्षा तो फक्त ०.०५ सेकंदांनी मागे होता. १९९८ ते २०१८ या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती, हे लक्षात घेतलं की त्या रौप्याचं वजन कळतं. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अकरावा. या शर्यतीच्या ऑलिम्पिक फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

पण भरतीच्या पोरांनी खरं तर दुसरी यादी पाहायला हवी. २०१८ ची आशियाई स्पर्धा दुखापतीमुळे हुकली. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत तेरावा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही हीटमध्ये सातवा येऊन बाहेर. आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत पळायची आणि त्याच संध्याकाळी बॅग भरायची!

या प्रत्येक हुकलेल्या शर्यतीनंतर महिन्याच्या शेवटी त्याचा पगार जमा होत होता. प्रेरणादायी भाषणांत हा मुद्दा कधी येत नाही. 'सगळं सोडून स्वप्नामागे धावा' हा सल्ला ज्यांच्याकडे सोडण्यासारखं काही आहे त्यांना परवडतो. वीटभट्टीवरच्या घरातला मुलगा नोकरी सोडून नव्हे, नोकरी धरून धावला. त्या नोकरीने त्याला जेवण, डॉक्टर, प्रशिक्षक दिलेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चार वेळा हरून पाचव्यांदा स्टार्ट लाईनवर उभं राहण्याची सोय दिली.

हे एकट्या लष्कराचं नाही. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून रुजू झाला. ऑलिम्पिक कांस्य मिळालं १ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे नोकरीच्या नवव्या वर्षी. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं, आणि ते आलं रेल्वेच्या पगारावर. (रेल्वेत टीसी असलेला धोनीच आपल्याला प्रेरणा देतो, असं स्वप्निलने सांगितलं होतं. धोनीने मात्र ती नोकरी सोडली. दोघांचंही बरोबर ठरलं, त्यामुळे यातून नियम काढायला जाऊ नये.)

हेच वळण आज कुणाला मिळेल?

इथे प्रश्न गंभीर होतो. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते २१ वयोगटातले तरुण चार वर्षांसाठी अग्निवीर होतात. चार वर्षांनंतर त्यांच्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. उरलेले साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन घरी.

आता अविनाशची तारीखवार वाटचाल या चौकटीत ठेवून पाहा. २०१३ ला तो सियाचीनवर होता. पहिली क्रॉस कंट्री २०१५ ला. मग दुखापत, वाढलेलं वजन, आणि स्टीपलचेस २०१७ ला. चार वर्षं तिथेच संपली. तो आजच्या नियमात असता तर ज्या सुमारास अमरीश कुमार त्याला अडथळ्यांची शर्यत शिकवत होते, त्या सुमारास त्याच्या नावावर कायम होण्याचा किंवा न होण्याचा शिक्का बसला असता. 

लष्कराची बाजूही ऐकली पाहिजे. सरासरी वय कमी असलेलं सैन्य हे योजनेमागचं कारण आहे. निवृत्तिवेतनाचा वाढता खर्च हीही खरी अडचण आहे. खेळासाठी लष्कराची दारं बंद झालेली नाहीत. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, लहान मुलांसाठी बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत, आणि पदकविजेत्यांना हवालदार किंवा नायब सुभेदार पदावर थेट प्रवेश मिळतो. नीरज चोप्रा २०१६ मध्ये असाच थेट नायब सुभेदार झाला.

पण ही सगळी दारं आधीच ओळखल्या गेलेल्या गुणवत्तेसाठी आहेत. आठव्या-दहाव्या वर्षी कुणीतरी हेरलेलं पोर, किंवा हातात पदक असलेला खेळाडू. मांडव्याच्या पोराला ना कुणी हेरलं होतं, ना त्याच्याकडे पदक होतं. विशीत, जवानाचा गणवेश घालून झाल्यावर, आपण कशात चांगले आहोत हे ज्याला कळतं त्याच्यासाठी मधली मोकळी वर्षं लागतात. अग्निपथने आखडली आहेत ती हीच वर्षं. लष्कराने सेवेत असलेल्या अग्निवीरांपैकी खेळात उशिरा चमकणाऱ्यांसाठी कायम होण्याच्या निकषांत वेगळी वाट स्पष्टपणे ठेवायला हवी. त्याचा खर्च फार नाही, कारण असे पोरगे मूठभरच निघणार.

आणि राज्य सरकार? पोलीस भरतीच्या मैदानावर १६०० मीटर पळणाऱ्या हजारो पोरांची वेळ दर भरतीत नोंदली जाते. चांगली वेळ देऊन लेखीत अडकलेल्या पोराला किंवा पोरीला ॲथलेटिक्सच्या प्रशिक्षकासमोर उभं करणं ही काही अवघड यंत्रणा नव्हे. आकडा सरकारच्याच रजिस्टरात असतो. आज त्याचा उपयोग गुण देण्यापुरता होतो आणि रजिस्टर मिटतं.

दहा वर्षांनंतर पुन्हा वळण

अविनाशची गोष्ट सुफळ संपूर्ण झाली आहे असं समजू नये. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी इथे त्याने आशियाई अजिंक्यपद जिंकलं. जुलैमध्ये मोनॅको डायमंड लीगमध्ये तो पडला, गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली. २०१५ च्या क्रॉस कंट्रीला त्या वर्षी बरोबर दहा वर्षं झाली होती. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यावरून उडी आणि एका पायावर उतरणं. तो पायच दुखावला, तोही तिशी ओलांडल्यावर.

पुढची आशियाई स्पर्धा सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आयची-नागोयात आहे. त्याच्याच आगेमागे, २०२६ च्या अखेरीपासून, अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं संपतात. त्यांच्यातले बहुतेक पंचविशीच्या आत असतील. काही पिंपळीच्या रस्त्यावर पहाटे परत पळताना दिसतील, या वेळी पोलीस भरतीसाठी, ५ मिनिटं १० सेकंदांच्या मागे.