गोष्ट तीच, आई आपली



“मी मालिका बघते” असं चारचौघींत म्हणायला आपल्याला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं, नाही का? नाटकाला गेले होते, अमुक पुस्तक वाचलं, हे आपण मान वर करून सांगतो. मालिकेचं नाव निघालं की मात्र घाईघाईनं जोडून टाकतो, “अगं, सासूबाई लावतात म्हणून आपलं कानावर पडतं.” आणि मग त्याच कानावर पडलेल्या मालिकेबद्दल इतकं बारकाईनं बोलतो की ऐकणारीनं तोंडात बोट घालावं.

मागच्या भिशीला आमच्या राईत हाच विषय निघाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “मला बाई गोष्ट लागते. पुढं काय झालं ते कळलं पाहिजे. ते संवाद नि अभिनय नि काय ते तुम्ही शिकलेल्यांनी बघावं.” त्यांची सून लगेच म्हणाली, “आई, गोष्ट काय, सगळीकडे सारखीच. लग्न, सवत, कारस्थान, अपघात. सांगायची कशी, त्यालाच सगळं महत्त्व.” काकूंनी हात झटकला. मला मात्र ते वाक्य पुढं आठवडाभर सोडेना. खरंच, मालिकेत गोष्ट मोठी की ती सांगण्याची हातोटी?

नुसतं बोलून हा वाद कधी मिटायचा नाही. पण सुदैवानं गेल्या काही वर्षांत आपल्याच टीव्हीवर एक असा प्रयोग होऊन गेला की कोणी मुद्दाम ठरवून केला असता तरी इतका नेमका जमला नसता. ‘आई कुठे काय करते’ तुम्हांला आठवतच असेल. डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. पंचवीस वर्षं संसार केलेली अरुंधती देशमुख, बाहेर मन गुंतलेला नवरा अनिरुद्ध, त्याच्या आयुष्यातली संजना, तीन मोठी मुलं, सासू-सासरे. मधुराणी गोखले-प्रभुलकर यांची अरुंधती आपल्यापैकी कितीजणींनी तर आपलीच करून टाकली होती.

आता गंमत पाहा. ही गोष्ट मुळात आपली नव्हेच. ती बंगाली. लीना गंगोपाध्याय यांची ‘श्रीमोयी’ ही मालिका २०१९ मध्येच आली, इंद्राणी हालदार तिच्यात नायिका. तिच्यावरून आपली मराठी झाली. २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ आली, रूपाली गांगुलीची. त्याच वर्षी तेलुगूत ‘इंटिंटि गृहलक्ष्मी’, तमिळमध्ये ‘बाकियलक्ष्मी’, मल्याळममध्ये ‘कुडुंबविळक्कु’. म्हणजे एकच साडी, पण प्रत्येक घरची नेसण्याची तऱ्हा निराळी. घरासाठी राबणारी, स्वतःला विसरलेली बाई, तिची फसवणूक आणि मग तिचं स्वतःच्या पायावर उभं राहणं. कथानक तेच. आमच्या काकूंचं म्हणणं खरं धरलं तर एक मालिका बघितली की बाकीच्या बघायचं कारणच उरू नये. पण आमच्याच आळीत साडेसातला ‘आई कुठे’ आणि रात्री दहाला ‘अनुपमा’ अशा दोन्ही बघणाऱ्या बायका होत्या! दोन्हींकडे पुढं काय होणार हे त्यांना साधारण ठाऊक होतं. मग त्या बघत काय होत्या?

सुरुवात नावापासूनच करा ना. बंगालीत नायिकेचं नाव, हिंदीत नायिकेचं नाव. मराठीत मात्र एक अख्खं वाक्य, तेही आपल्याच घरात शंभरदा उच्चारलेलं. शाळेत मुलांना आईवर निबंध लिहायला सांगितला की बाबा ऑफिसात जातात, दादा कॉलेजात जातो आणि आई ‘घरीच असते’. मी अर्धवेळ का होईना, मराठी शिकवते, त्यामुळे असे निबंध माझ्या हातून पुष्कळ गेले आहेत. ‘आई कुठे काय करते’ या चार शब्दांत कथानक काहीच नाही. कोणी मरत नाही, कोणी पळून जात नाही. पण ते ऐकल्याबरोबर हातातलं लाटणं थांबतं. ही कथानकाची करामत नव्हे, भाषेची आहे.

हिंदीतली अनुपमा अहमदाबादच्या गुजराती घरातली, ती नाचते. आपली अरुंधती गाते. वरवर फरक एवढासाच. पण मराठी मध्यमवर्गीय घरात लग्नाआधी गाणं शिकलेली आणि लग्नानंतर पेटी माळ्यावर गेलेली बाई किती ओळखीची आहे हे मी तुम्हांला सांगायला हवं का? नाचाची कुचंबणा आणि गाण्याची कुचंबणा यांत फरक असतो. नाच बंद झाला की तो बंदच होतो. गाणं पोळ्या करताना ओठांवर राहतं, आणि कोणी स्वयंपाकघरात आलं की थांबतं. ज्यांनी ही निवड केली त्यांना आपली घरं ठाऊक होती. मालिकेची पटकथा नमिता वर्तक यांची आणि संवाद मुग्धा गोडबोले यांचे. ही नावं मुद्दाम सांगते आहे, कारण नायिकेच्या साडीचा काठ आपल्याला आठवतो, पण तिच्या तोंडी वाक्य कोणी घातलं हे आपण कधी विचारत नाही.

पण माझ्या दृष्टीनं खरी कसोटी पुढंच होती. २०२१ मध्ये अरुंधतीचा घटस्फोट झाला. आमच्या भागात, म्हणजे मुर्धा, राई, मोर्वा या गावांत, जुन्या घरांतून अजून आजी, सून, नात अशा तीन पिढ्या एकाच खोलीत बसून टीव्ही बघतात. घटस्फोट हा शब्द त्या खोलीत मोठ्यानं उच्चारला जात नाही. पंचवीस वर्षं नांदलेल्या बाईनं, तीही मुलं लग्नाची झाल्यावर, असं करावं, ही नुसती गोष्ट म्हणून सांगितली असती तर कितीजणींनी “शोभतं का हे वय?” म्हणून चॅनल बदललं असतं! तसं झालं नाही. कारण मधल्या काळात लेखिकांनी ती बाई आपल्यासमोर हळूहळू उलगडली होती. तिचं गप्प बसणं, डबा भरताना भरून आलेले डोळे, “माझं काय, मी नंतर जेवते” हे रोजचं वाक्य. घटस्फोटाच्या सुमारास आमच्या शेजारच्या त्याच काकू, ज्यांना फक्त गोष्ट लागते, मला अंगणात म्हणाल्या, “हिनं हे आधीच करायला हवं होतं गं.” सत्तरी गाठलेली बाई, सुनेच्या देखत! हे कथानकानं झालं असं त्यांना वाटतं. मला वाटतं, ते कथानकाच्या आधी झालेल्या शेकडो लहानसहान वाक्यांनी झालं. कथानक फक्त दार उघडतं. आत येऊन बसायला जागा कोणीतरी नीट करून ठेवावी लागते.

याचा अर्थ नुसत्या कारागिरीवर मालिका चालते असं मात्र मी म्हणणार नाही. पुढं काय, ही भूक खोटी नाही. २००७ ते २००९ मध्ये सतीश राजवाडे यांच्या ‘असंभव’नं आपल्याला पुनर्जन्माच्या गोष्टीत असं काही अडकवलं होतं की रात्री लाइट गेले तर शेजारणीला फोन जायचा. तिथं गोष्टच राणी होती. पण त्याच राजवाड्यांनी २०१२ मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ केली. घना आणि राधा सोयीपुरतं, कराराचं लग्न करतात. आता अशा गोष्टीत शेवटी दोघं प्रेमात पडणार हे पहिल्याच दिवशी आमच्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलानंही सांगितलं होतं. तरी आपण बघितली. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी एकमेकांशी भांडायचे कसे, घरातली माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलायची कशी, आणि ती स्पृहा जोशीची कविता करणारी कुहू! आणि सांगायचं ते सांगून झाल्यावर त्याच वर्षी मालिका संपली देखील. वेळेवर गॅस बंद करणं हीसुद्धा पाककलाच आहे, बाई.

याच्या उलट झालं ते ‘होणार सून मी ह्या घरची’चं. २०१३ ला सुरू झाली तेव्हा सहा सासवांच्या घरात येणारी जान्हवी कोणाला आवडली नव्हती? पण पुढं तिचं बाळंतपण इतकं लांबलं की सगळ्या महाराष्ट्रात त्याचे विनोद झाले. तिथं ना गोष्ट उरली होती, ना हातोटी. भाजी संपली म्हणून रस्सा वाढवत नेला.

हे असं का होतं, त्याचाही विचार करायला हवा, नुसतं नाक मुरडून भागायचं नाही. पूर्वी दूरदर्शनवर मालिका बहुधा तेरा भागांच्या हिशेबानं यायच्या, आठवड्याला एक भाग. लिहिणाऱ्याला दिवस मिळायचे. चिं. वि. जोशींच्या कथांवरचा ‘चिमणराव’, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचा, त्या जमान्यातला. त्यात कथानक म्हणावं असं कितीसं होतं? तरी आमच्या आईच्या पिढीला चिमणराव आणि गुंड्याभाऊ नात्यातल्या माणसांसारखे आठवतात. खाजगी वाहिन्या आल्या तेव्हाही सुरुवातीला प्रतिमा कुलकर्णींच्या ‘प्रपंच’सारखी मालिका निघाली. त्यात समुद्राकाठचं एक घर, एकत्र कुटुंब आणि त्यांचं बोलणं-चालणं, एवढंच. आज ‘प्रपंच’ची गोष्ट सांगा म्हटलं तर मला चार वाक्यांपलीकडे सांगता येणार नाही, घर मात्र डोळ्यांसमोर जसंच्या तसं उभं आहे.

मग आल्या रोजच्या मालिका. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भागात जाहिराती वगळून जेमतेम वीस-बावीस मिनिटं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले! इतके भाग लिहायचे म्हणजे रोज पन्नास माणसांचा स्वयंपाक. लेखक आदल्या दिवशी पानं पाठवतो, दुसऱ्या दिवशी ती चित्रित होतात, आणि दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे सांगतात की पुढच्या आठवड्यात कोणाला जिन्यावरून पाडायचं. अशा घाईत सगळ्यांत आधी बळी जातो तो बारकाव्यांचा. धक्का देणं सोपं, स्वस्त आणि लगेच मोजता येणारं. नायिकेचं गप्प बसणं कोण मोजणार?

आणि एक गोष्ट तर आपल्याशीच संबंधित आहे. मालिका बनवणाऱ्यांनी केव्हाच ओळखलंय की संध्याकाळी साडेसात-आठला बाई टीव्हीसमोर बसलेली नसते, ती स्वयंपाकघरात असते. म्हणून तो ढॅण-ढॅण आवाज, म्हणून एकच चेहरा तीनदा दाखवणं, म्हणून खलनायिकेनं आपला बेत भिंतीला मोठ्यानं सांगणं. कुकरच्या शिट्टीतूनही आपल्याला कळावं, ही सोय! कोणी याला प्रेक्षकांचा विचार म्हणेल. मला मात्र त्यात थोडा अपमानच वाटतो. जी बाई हातानं भाजी निवडता निवडता मुलाचा अभ्यास घेते आणि फोडणीच्या वासावरून मोहरी जळली की नाही ते ओळखते, तिला एक वाक्य एकदाच सांगितलेलं कळणार नाही?

बोलींचंही तसंच. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली तेव्हा त्या मालवणीनं किती जीव आणला होता! सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ते घर, अंगण आणि बोलणं. भूत आहे की नाही यापेक्षा ती माणसं काय बोलतात याकडेच आमचे कान असायचे. माझ्या आगरी शेजारणी त्यावेळी म्हणायच्या, आपल्या बोलीतलं असं काही येईल का? आमची बोली बहुधा हशा पिकवायलाच वापरतात. तिच्यात रडणारी, निर्णय घेणारी, घर चालवणारी बाई पडद्यावर आली पाहिजे. तिला मग गोष्ट कुठलीही द्या, बंगालीतून आणलीत तरी चालेल.

‘आई कुठे’चंही शेवटी काय झालं? पाच वर्षं गोष्ट ओढायची म्हटल्यावर ती विरली. २०२३ मध्ये अरुंधतीचं आशुतोषशी लग्न लावलं. दुसऱ्या लग्नाचा तो भाग मला आवडला होता, त्यात पुष्कळ समजूत होती. पण पुढच्याच वर्षी आशुतोषला मारून टाकलं, आणि साडेसातची मालिका दुपारी अडीचला गेली. काकूंनी मालिका सोडली ती तेव्हा. त्या म्हणाल्या, “आता हिला मी ओळखत नाही.” लक्षात घ्या, “गोष्ट कंटाळवाणी झाली” असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या सुनेनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आता तुमच्यासाठी एक छोटासा घरगुती प्रयोग, खर्च शून्य. तुमची रोजची मालिका एक दिवस फक्त ऐका, पडद्याकडे मुळीच बघू नका. सगळंच्या सगळं कळलं, तर समजा ती नुसती स्वयंपाकघरात ऐकण्यासाठी बेतलेली आहे. आणि मध्येच कोणी गप्प झालं, तुम्हांला राहवेना आणि कणकेचे हात तसेच घेऊन तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात, तर त्या दिवशीचे संवाद कोणाचे आहेत ते जरूर वाचा. नावं झरझर जातात, अक्षरही बारीक असतं. चष्मा जवळ ठेवा.