कामाच्या वेळेची हद्द

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीचे फाटक ओलांडल्यावर काम मागे राहत असल्याने ती खऱ्या अर्थाने सुट्टी ठरली. आज कृष्णा-तारळीच्या संगमावरील उंब्रजमधूनही पुण्यातील कार्यालयाचे काम मोबाइलवर करता येते, परंतु त्यामुळेच काम आणि घर यांच्यातील सीमारेषा पुसट होत चालली आहे. ठरलेल्या वेळेनंतर कामाचा फोन वा संदेश न स्वीकारण्याचा आणि त्याबद्दल कारवाई न होण्याचा अधिकार म्हणजे संपर्कमुक्तीचा हक्क होय. फ्रान्समध्ये तो २०१७ पासून कायद्यात आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडले. अशी विधेयके क्वचितच संमत होतात. म्हणून कायद्याची वाट न पाहता उंब्रज परिसरातील साखर कारखाने, पतसंस्था, बँका आणि शाळा यांनी तातडीचे काम कशास म्हणावे व त्यासाठी पाळीने कोणी उपलब्ध राहावे हे लेखी ठरवावे, आणि वरिष्ठांनी रात्रीचे संदेश थांबवून त्याचा आरंभ स्वतःपासून करावा, कारण नियम स्पष्ट असल्याखेरीज कनिष्ठ कर्मचाऱ्याला हा हक्क निर्भयपणे वापरता येणार नाही.