बसऱ्याला गेले ते आपलेच होते

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण आमच्या एका काकांशी आहे, आणि ते हे वाचतात हे माहीत असूनच लिहितोय.

काकांचं मत ठाम आहे. महायुद्धात गेलेले आपले लोक म्हणजे इंग्रजांचे भाडोत्री शिपाई. परक्या राजासाठी पगार घेऊन लढले आणि मेले, त्यांची कसली आठवण काढायची? आपण बीडचे, निजामाच्या राज्यातले. आपण आठवण काढायची ती १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांची.

काका, १७ सप्टेंबरबद्दल वाद नाहीच. त्या दिवशी झेंड्यासमोर मीही उभा असतो. पण एकाला नमस्कार केला की दुसऱ्याकडे पाठ फिरवलीच पाहिजे, हा नियम कुणी केला?

आधी त्या 'भाडोत्री' शब्दाचं बघू. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली, त्यातली ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. दुसऱ्यात २५ लाख गेली आणि ८७ हजार मेली. शिपाई होते, तसेच खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, ओझी उचलणारेही होते. एवढे सगळे काय इंग्रजांच्या राजावर जीव जडला म्हणून गेले? आपल्या जिल्ह्यातून आजही दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन माणसं ऊस तोडायला जातात. कोयता घेऊन गेलेल्याला आपण कारखानदाराचा भाडोत्री म्हणतो का? पोटासाठी गेला म्हणतो. मग बंदूक घेऊन गेलेल्याला वेगळा न्याय का?

आणि पुढाऱ्यांचं काय? १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरतीचा प्रचार करत होते. लोकमान्य टिळकही भरतीला मदत करायला तयार होते. अट एवढीच की आपल्या लोकांना अधिकाराच्या जागा मिळाव्यात. लढाईत मदत केली तर स्वराज्याकडे एक पाऊल पडेल, अशी तेव्हा अनेकांची आशा होती. बदल्यात १९१९ मध्ये रौलट कायदा आणि जालियनवाला बाग मिळाली, ही गोष्ट वेगळी. जो हिशेब एवढ्या मोठ्या माणसांचा चुकला, त्याचा दोष अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याच्या पोरावर टाकायचा?

आता निजामाचं. निजामाने या युद्धात इंग्रजांना पैसा आणि फौज पुरवली. त्याबद्दल मीर उस्मान अली खानाला १९१८ मध्ये 'हिज एक्झाल्टेड हायनेस' हा किताब मिळाला. फायदा झाला तो त्याचा. त्याच्यावरचा राग लढायला गेलेल्या रयतेवर काढण्यात काय अर्थ आहे?

"पण आपल्याकडे कुठे होतं हे सगळं?" असंही काका म्हणतात. आपल्या अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत आणि तिथे हैदराबाद काँटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. हे काँटिंजंट १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत मिसळलं. त्याच घोडदळाच्या परंपरेतला डेक्कन हॉर्स हा रिसाला १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या जंगलाजवळ भाले घेऊन शत्रूवर चालून गेला. पुढे याच रिसाल्याकडे रणगाडे आले, आणि १९६५ मध्ये असल उत्तरला पाकिस्तानी रणगाडे रोखणाऱ्यांत तो होता. १९६५ च्या जवानांना सलाम ठोकायचा आणि १९१६ च्यांना भाडोत्री म्हणायचं, हे कसं जमतं बुवा?

पण माझं खरं दुखणं निराळंच आहे.

आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ लढाईवर गेला आणि परत आला नाही. घरात त्याला 'बसऱ्याला गेलेला' एवढंच म्हणतात. (इराकातल्या त्या मोहिमेला जुनी माणसं सरसकट 'बसरा'च म्हणायची.) त्याच्या मागे घरी चांदीचं एक मेडल आलं होतं. १९७२ च्या दुष्काळात आजीने ते सोनाराकडे मोडलं आणि ज्वारी आणली. आजीने केलं ते बरोबरच केलं, घरात लेकरं उपाशी होती. पण त्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असायचं. चांदी वितळली तसं नावही गेलं. आज आमच्या घरात एकालाही त्याचं नाव सांगता येत नाही.

बसऱ्याला तरी असेल म्हणावं, तर तिथली तऱ्हा बघा. इराकात तेव्हा मराठ्यांच्या अनेक पलटणी होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कुतच्या वेढ्यात जवळजवळ पाच महिने उपासमारीत अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि पुढे कैदेत कितीतरी मेले. या मोहिमेत मेलेल्या, थडगं नसलेल्या ४० हजारांवर सैनिकांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या सोजिरांची नावं आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायाचं नाव मात्र नाही. पलटणीचं नाव, आणि पुढे 'इतर इतके हिंदी शिपाई' असा आकडा. बस्स. हा भेदभाव युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ मध्ये मान्य केला आणि माफी मागितली.

इंग्रजांनी आकडा केला, आणि आपण तर आकडाही ठेवला नाही. आता सांगा, जास्त वाईट कोण वागलं?

काकांच्या विरुद्ध टोकाची मंडळीही आहेतच. भाषणात 'शूर मराठा गडी' म्हणून टाळ्या घेणारे. त्यांना आपल्या तालुक्यातला एक तरी शिपाई नावानिशी विचारा, गप्प बसतील. नुसत्या जयजयकाराने त्या माणसांची ओळख परत येत नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडच्या यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ रोजी इटलीत मरण आलं, मागाहून व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाचं स्मारक २०२३ मध्ये तिथल्या माँतोने गावात झालं. परक्या गावाने नाव धरून आठवण ठेवली. आपल्याला आपल्या वेशीच्या आतलं जमू नये?

मला पुतळे नकोत आणि चौकांना नावंही नकोत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक साधी पाटी पुरे. या गावातून कोण गेलं, कुणाचा मुलगा, कोणत्या लढाईत, परत आला की नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची यादी शोधता येते, आणि पुष्कळ नोंदींत बापाचं व गावाचं नावही असतं. पेन्शनचे कागद, जुनी पत्रं, कुणाच्या तरी ट्रंकेतलं मेडल, सगळं बघा. ऐंशी-नव्वदीची माणसं अजून आहेत तोवर त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा.

घरी मेडल असेल तर आजच त्याची कड नीट पुसून बघा, आणि जे नाव दिसेल ते लिहून ठेवा.