साठ दिवसांचा हिशेब

वर्तमानपत्र बातमी देशाची छापते. पण ती उंबरठा ओलांडून आत आली, की घरातला प्रत्येकजण तिच्यातून आपल्यापुरता तुकडा मोडून घेतो. सोन्याचा भाव वाढला, की आमच्या सौ. माझ्याकडे अशा नजरेने बघतात, की भाव मीच वाढवला असावा! अर्थसंकल्पावर विद्वान मंडळी तासभर बोलतात, आमचे चिरंजीव एवढेच विचारतात, "मोबाइल स्वस्त होणार का?" अतिवृष्टीची बातमी आली, की कन्येला शाळेच्या सुट्टीची आशा लागते. आई मात्र सुरुवात निधनवार्तांपासून करते. "ओळखीचं कुणी नाही," असे म्हणून तिने चष्मा पुसला, की तिचे जग त्या दिवसापुरते सुखरूप!

अशा आमच्या घरात ऑक्टोबर 2024 मध्ये एक बातमी आली आणि तिने सगळ्यांना एकदम पकडले. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आजवर 120 दिवस आधी करता येत होते, ते 1 नोव्हेंबरपासून 60 दिवस आधीच करता येणार होते. नेमके त्याच दिवशी लक्ष्मीपूजन! म्हणजे लक्ष्मी घरात यायची आणि दोन महिने घरातून जायचे.

तसा हा प्रकार नवा नव्हे. 2013 साली 120 चे 60 झाले होते, 2015 साली 60 चे पुन्हा 120 झाले. वाढत्या मुलाच्या विजारीची शिवण जशी कधी सोडतात, कधी घालतात, तसेच हे. पण मध्यमवर्गीय माणसाला इतिहास सांगून काय उपयोग? त्याला खिडकीची जागा हवी असते.

"साठ दिवसांत काय व्हायचं?" सौ. कडाडल्या. "साठ दिवसांत माझा ब्लाउजसुद्धा शिवून येत नाही!"

समोरच्या बिऱ्हाडातले काका तर व्याख्यानच द्यायला आले. त्यांचे म्हणणे असे, की प्रवासाचे खरे सुख प्रवासात नसतेच. डब्यात घाम, फलाटावर गर्दी आणि पोहोचल्यावर पाहुण्यांच्या घरचा कमी उंचीचा नळ. सुख असते ते तिकीट खिशात असताना जाणाऱ्या दिवसांत. "तेव्हा हिशेब करा," काका म्हणाले, "120 चे 60 झाले म्हणजे निम्मे सुख गेले!"

रेल्वेने या बदलाचे कारणही दिले होते. 61 ते 120 दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे 21 टक्के तिकिटे लोक पुढे रद्द करतात आणि सुमारे 5 टक्के लोक तिकीट रद्दही करत नाहीत, प्रवासालाही येत नाहीत. चिरंजिवांनी हे मोठ्याने वाचले आणि सगळे गप्प झाले. कारण त्या एकवीस टक्क्यांत आम्ही होतो, तेही दोनदा.

दोन्ही तिकिटे कुडाळची होती. कुडाळजवळच्या खेड्यात माझी मावशी राहते. ती 83 वर्षांची, आईची एकुलती एक बहीण. दोघींची भेट होऊन तीन वर्षे झाली होती. पहिल्या वेळी चार महिने आधी आरक्षण केले, तर चिरंजिवांची परीक्षा नेमकी त्या आठवड्यावर येऊन आदळली. दुसऱ्या वेळी पुन्हा चार महिने आधी केले, तर निघायच्या तीन दिवस आधी कन्येला गोवर निघाला. दोन्ही वेळा मावशीने अंगण सारवून ठेवले होते. मधल्या काळात तिची नजर मंदावत गेली. आता तिला माणूस आला हे कळते. कोण आला हे आवाजावरून ओळखावे लागते.

साऱ्या घराने नव्या नियमाला नावे ठेवून झाल्यावर कोपऱ्यातून आईचा आवाज आला, "बरं झालं."

आम्ही सगळे वळलो.

"चार महिने आधी तारीख ठरवायची म्हणजे तरुणांचं काम," ती वाती वळता वळता म्हणाली. "तुम्ही तिकीट काढलंत, की ताई तिकडे रोज एकेक दिवस मोजते. एकशेवीस दिवस! या वयात माणसानं इतकं लांबचं मोजू नये. साठ ठीक आहे. साठ मोजता येतात."

समोरचे काका चहाचा कप तसाच ठेवून उठले. त्यांच्या निम्म्या सुखाचा हिशेब कुठेतरी चुकला होता.

पुढचे सारे आईच्याच तंत्राने झाले. मार्च 2025 मध्ये, शिमग्याची गर्दी ओसरल्यावर, जायचे ठरले. बरोबर साठ दिवस आधी, जानेवारीतल्या एका सकाळी, आठ वाजता आरक्षण उघडते म्हणून चिरंजीव संगणकापुढे बसले, मी त्यांच्यामागे आणि आई देवापुढे. मांडवी एक्सप्रेसची पाच तिकिटे मिळाली. श्रेय कुणाचे, यावर घरात अजून एकमत नाही.

पैसे भरताना मी म्हटले, "पूर्वी तुझं तिकीट निम्म्या दरात यायचं. ज्येष्ठ स्त्रियांना 50 टक्के सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली."

"होऊ दे की," आई म्हणाली. "पूर्ण पैसे घेताहेत म्हणजे पूर्ण माणूस समजताहेत."

त्या साठ दिवसांत मात्र आमचा फोन विसावला नाही. रोज संध्याकाळी मावशी विचारायची, "किती ऱ्हवले गे?" आणि आई कालनिर्णय न बघता आकडा सांगायची. आमच्या कन्येने हे पाहून भिंतीवर खडूने रेघा ओढल्या आणि रोज एक पुसायला लागली. सौ.नी भिंतीकडे पाहून काही म्हटले नाही. ही घटना मी मुद्दाम नमूद करून ठेवतो. ब्लाउजही, सांगायला हरकत नाही, पंचावन्नाव्या दिवशी शिवून आला.

गाडीत बसल्यावर मुलांनी कटलेटे संपवण्याचे कार्य हाती घेतले. आई खिडकीशी होती. लग्न होऊन ती मुंबईला आली ती बोटीने, वेंगुर्ल्याहून भाऊच्या धक्क्यावर. पुढे वर्षानुवर्षे रात्रभर एस.टी.च्या गाडीत हाडे खिळखिळी करून घेतली. कोकण रेल्वे सर्व मार्गावर धावू लागली ती 1998 साली. रत्नागिरीच्या अलीकडे सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आहे. गाडी त्यात शिरली तेव्हा कन्या घाबरून आजीला बिलगली. "केवढा अंधार!" ती म्हणाली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "आपला लवकर संपतो गं. माझ्या ताईचा रोजचा आहे."

उन्हे कलताना कुडाळ आले. रिक्षा अंगणापाशी थांबली, तेव्हा मावशी ओसरीवर बसूनच होती. आईने हाक मारली नाही. ती नुसती शेजारी जाऊन बसली. मावशीने हात पुढे केला, आईच्या मनगटावरून कोपरापर्यंत नेला, बांगड्या मोजल्या, गाल चाचपला आणि म्हणाली, "वाळलंस गे!" झाले. तीन वर्षांचे बोलणे एवढ्यात आटोपले आणि दोघी लगेच आमसुलांच्या भावावर भांडू लागल्या.

आम्ही चार दिवस राहिलो. निघताना मावशीने रडायची तयारी केली होती, पण आईने तिला सवडच दिली नाही. रिक्षात चढताना तिने मला सर्वांदेखत विचारले, "आज काढलं तर कधीचं तिकीट मिळतं?"

"साठ दिवसांनंतरचं."

"मग काढ," आई म्हणाली, आणि मावशीकडे वळून, "ताई, उद्यापासून मोजायला लाग. एकोणसाठपासून."