आधी दळण, मग दाब

घरासाठी एस्प्रेसो मशीन घ्यायला निघालेल्या ठाणे-डोंबिवलीच्या ग्राहकापुढे सर्वांत आधी खोक्यावरचा आकडा येतो: १५ बार, २० बार. आकडा जितका मोठा तितकी कॉफी चांगली, असे सांगितले जाते. ते खरे नाही. एस्प्रेसोला सुमारे ९ बार दाब पुरतो. १९४८ मध्ये मिलानच्या आकिल्ले गाज्जिया यांच्या तरफेच्या यंत्रांनी असा भारी दाब कॉफीवर आणला आणि कपावर क्रेमाचा, म्हणजे दाट फेसाचा, थर दिसू लागला. १९६१ च्या फाएमा ई६१ ने तेच काम विजेच्या पंपाकडे दिले. उपाहारगृहांतली यंत्रे आजही ९ च्या आसपासच चालतात. खोक्यावरचे १५ म्हणजे पाणी पूर्ण अडवल्यावर घरगुती पंप गाठू शकेल तो कमाल दाब. पाणी वाहू लागले की तो उतरतो, आणि चांगल्या मशीनमध्ये जादा दाब सोडणारी झडपही असते. त्यामुळे या आकड्यावरून निवड करणे व्यर्थ आहे. पाहायचे ते मशीनला पंप आहे की नाही. केवळ वाफेच्या जोरावर चालणारी मशीनेही एस्प्रेसोच्या नावाने विकली जातात, पण त्यांची कॉफी मोका पॉटच्या जातीची असते. ती आवडत असेल तर मोका पॉटच घ्यावा. तो कितीतरी स्वस्त पडतो.

दुसरा समज अधिक नुकसान करतो. घरात मिक्सर असताना वेगळा ग्राइंडर कशाला, असे विचारले जाते आणि सगळे पैसे मशीनवर घातले जातात. मिक्सरचे पाते बिया फोडते. त्यातून पीठ आणि भरड एकत्रच निघते. पाणी भरडीतून झटकन वाट काढते आणि तिथली चव आंबट राहते, तर पिठातून कडूपणा उतरतो. एस्प्रेसोचे पाणी साधारण २५ ते ३० सेकंद रेंगाळले पाहिजे, आणि त्याला रेंगाळायला लावते ते दळण. बर ग्राइंडरमध्ये जात्याच्या दगडांसारखे दोन दातेरी भाग असतात आणि त्यांच्यातले अंतर बदलता येते. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी १५ सेकंदांतच उतरली तर अंतर कमी करायचे, ४० सेकंद लागले तर वाढवायचे. बिया शिळ्या होऊ लागल्या किंवा पावसाळी दमट हवा लागली की हेच पुन्हा करावे लागते. म्हणून ३० हजारांचे बजेट असेल तर त्यातले १२-१५ हजार ग्राइंडरला द्यावेत. हात आखडता घ्यायचा असेल तर हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्यावा. तेवढ्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा तो बहुधा एकसारखे दळतो.

तयार पूड वापरणाऱ्यांसाठी बहुतेक मशीनसोबत पूड भरायची दुहेरी तळाची बास्केट येते. एका बारीक छिद्रातून कॉफी ढकलून ती फेस काढते. सोय म्हणून ती ठीक आहे, पण हा फेस म्हणजे क्रेमा नाही. त्यामुळे एकपदरी बास्केट मिळते का, हे दुकानात विचारलेच पाहिजे. चिकोरी मिसळलेली पूड मात्र संथ गळणाऱ्या फिल्टरसाठीच ठेवावी.

पाण्याबद्दल सल्ला मिळतो तो आरओचा: जितके शुद्ध तितके चांगले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला नळाने येणारे पाणी मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांचे, म्हणजे तुलनेने मृदू असते. घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. त्या पाण्यात किंवा सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्यात कठीणपणा जास्त असेल, तर बॉयलरमध्ये क्षारांचा थर साचून मशीन लवकर निकामी होते. तिथे आरओ हवाच. पण क्षार पार काढून टाकलेल्या पाण्यात कॉफी सपक लागते, आणि काही मशीनच्या संवेदकाला तर टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. लिटरमागे ७५ ते २५० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असलेले पाणी कॉफीला योग्य मानले जाते. आरओच्या पाण्यात गाळलेले नळाचे पाणी मिसळून तिथवर पोचता येते.

मशीनबद्दल जाणकारांचा आग्रह असतो तो असा: दोन बॉयलरचे, वजनदार मशीन हवे. त्याची चव स्थिर असते, हे मान्य. पण असे मशीन नीट तापायला १५ ते ३० मिनिटे घेते, आणि सकाळी सातची लोकल गाठणाऱ्या घरात ते रविवारपुरतेच उरते. मिनिटभरात तापणारे थर्मोब्लॉकचे छोटे मशीन रोज चालते, आणि रोज चालणारेच योग्य. बटण दाबताच दळून कप भरणारे स्वयंचलित मशीन वेळ वाचवते, पण त्याच्या दळणात बदलाला जागा कमी असते, आतला भाग नियमित धुवावा लागतो आणि बिघाड घरच्या घरी निस्तरता येत नाही.

घरची वीज आणि सुटे भागही पाहायला हवेत. १४५० वॉटचे मशीन २३० व्होल्टला सहा अँपिअरहून अधिक वीज ओढते. ओट्यावरचा मिक्सरचा पॉइंट त्याला पुरत नाही. १६ अँपिअरचा लागतो, आणि घरगुती इन्व्हर्टरवर ते सहसा चालत नाही. पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवायचा दांडा, ५८ मिलिमीटरचा असला तर बास्केट आणि पूड दाबायचा टॅम्पर बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. रबरी गॅस्केट कालांतराने कडक होऊन गळू लागते. ते सुटे मिळते का आणि बसवून देणारा जवळपास कोण आहे, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावे.