किल्ला ज्याचा त्यानेच करावा

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी भिलाईच्या हथखोजला एका परिचितांच्या घरी गेलो होतो. अंगणात किल्ल्याचं काम चाललं होतं. कारखान्यांमागच्या भाठ्यावरून, म्हणजे माळावरून, घमेल्यांनी आणलेला लाल मुरूम, चार फुटक्या विटा, भिजवलेलं पोतं. मोठा चुलतभाऊ तटबंदी लिंपत होता आणि नऊ वर्षांचा धाकटा भिंतीला टेकून नुसता बघत बसला होता.

“तू नाही का करत?”

“मी ढ आहे. माझा बुरूज पडतो. दादाचा पडत नाही.”

त्याच्या आवाजात रडू नव्हतं, रागही नव्हता. आपलं नाव-गाव सांगावं तसं त्याने ते सांगितलं. त्याच वेळी मनात आलं की पुढच्या वर्षीचा दिवाळी अंक याच विषयावर काढायचा. मूल स्वतःविषयी जे मत बनवतं, ते त्याला कुठून मिळतं?

जन्मतः कुणी ढ नसतं. ‘मी’ हीच गोष्ट मुळात हळूहळू घडत जाते. आरशातलं बाळ म्हणजे आपणच, हे मुलाला दीड ते दोन वर्षांच्या सुमारास उमगतं. तीन-चार वर्षांचं मूल ‘मी जोरात पळतो, माझ्याकडे लाल सायकल आहे’ अशी स्वतःची ओळख करून देतं आणि त्याला आपण सगळ्यातच पटाईत वाटतो. सात-आठव्या वर्षापासून मात्र ते शेजारच्याकडे पाहून स्वतःला मोजू लागतं. ‘दादाचा पडत नाही’ हे वाक्य त्या वयाचंच. पुढे बारा-चौदाव्या वर्षी एकाच्या आत अनेक जण राहू लागतात. आपल्या भिलाईच्या मुलांना तर हे भाषेतूनच जाणवतं. आजीशी मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. यातला खरा मी कोणता, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही आणि आपण त्याला ‘वयाचा हट्टीपणा’ म्हणून मोकळे होतो.

माणूस दुसऱ्यांच्या नजरेच्या आरशात स्वतःला पाहतो, असं चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडलं. मुलाच्या हाती हा आरसा आपणच देतो.

आपल्या शेजारच्या गनियारी गावात १९५६ साली जन्मलेल्या पंडवानी गायिका तीजनबाईंचं बालपण पाहा. देवारीच्या, म्हणजे दिवाळीच्या, दिवसांत टोपलीत मातीचा पोपट घेऊन मुली दारोदार सुवा गीतं गातात, त्याला कुणाची हरकत नसते. पण महाभारताच्या कथांची पंडवानी गायची, तीही पुरुषांसारखी उभं राहून, कापालिक शैलीत? बायकांनी गायचं तर बसून, अशी रीत होती. गाण्यापायी तीजनबाईंना त्यांच्या जमातीने वाळीत टाकलं. पण त्यांच्याकडे एक दुसरा आरसा होता. आजोबा, ब्रिजलाल पारधी, महाभारत गात आणि ही नात ते ऐकून ऐकून पाठ करी. त्या पोरीच्या गळ्यात काय आहे, हे आजोबांनी ओळखलं. तेराव्या वर्षी चंद्रखुरीला तिने पहिला कार्यक्रम केला, बिदागी दहा रुपये. २०१९ मध्ये त्याच तीजनबाई पद्मविभूषण झाल्या. सगळा समाज ‘हे तुझं काम नव्हे’ म्हणत असताना एका माणसाने नीट ऐकून घेतलं, तेवढं त्या वयात पुरलं.

महाराष्ट्रातही असंच एक उदाहरण आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांची सावलीही नको असे, त्यांच्यातल्या एका मुलीचा प्रश्न छापण्याजोगा आहे, असं मोठ्या माणसांनी मानलं. स्वतःची किंमत कळायला याहून मोठा धडा कोणता?

मग मुलांचं सतत कौतुकच करायचं का? तसंही नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधकांचा पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘तू किती हुशार’ असं ऐकलेली मुलं पुढे सोपं काम निवडू लागली आणि अपयश येताच खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कामाला भिडली. ‘ढ’ आणि ‘हुशार’ या दोन्ही शिक्क्यांनी मुलाच्या हातातलं काम सुटतं, कारण दोन्हींत त्याने करण्यासारखं काही उरत नाही.

त्या संध्याकाळी पुढे काय झालं ते सांगायला हवं. मुलाचे वडील पाळीवरून आले. ते ओतकामाच्या कारखान्यात साचे भरतात. हातपाय धुऊन मुलाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, “बुरूज का पडतो रे, बघू या?” त्याला मूठभर माती घ्यायला लावली. “दाब. आता मूठ उघड. गोळा फुटला ना? माती कोरडी आहे. आम्ही साच्याची वाळू अशीच बघतो.” मुलाने पाणी शिंपडलं, माती मळली, पुन्हा मूठ दाबली. चौथ्या खेपेला गोळा टिकला. वडिलांनी बुरुजाला बोटही लावलं नाही. दिवेलागणीला निघताना मुलाने मला हाक मारून सांगितलं, “काका, माती कोरडी होती.”

दुपारी त्याच्या लेखी दोष त्याच्यात होता, संध्याकाळी तो मातीत सापडला. मातीचं काय करायचं ते त्याला आता ठाऊक आहे.

या अंकातले लेख, कथा आणि कविता मुलांच्या या घडण्याविषयी आहेत.  वाचकांना एकच विनंती: या दिवाळीत अंगणात किल्ला होत असेल तर जवळ बसा, विचारतील ते सांगा आणि हात मागे ठेवा.



— संपादक